आंब्याच्या हंगामात वेबसाइटला हात लावू नका

(रत्नागिरीत आंबा बागायतदार, प्रक्रिया उद्योजक आणि होमस्टे चालवणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. व्यवसायाची वेबसाइट कधी बदलावी आणि कशी बदलावी, असा विषय मला दिलाय. इथे येण्याआधी तुमच्यापैकी काही जणांशी फोनवर बोलणं झालं. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, "ताई, साइट पाच वर्षं जुनी झाली, आता नवीन करायला हवी ना?" माझं म्हणणं असं की हा निर्णय वर्षं मोजून घेऊ नका. पाच वर्षांपूर्वीची साइट अजून चांगला धंदा देत असेल आणि मागच्या दिवाळीत केलेली नुसती पडून असेल, असं सर्रास होतं.

साइट बदलावीशी का वाटते? शेजारच्या बागायतदाराने नवीन केली म्हणून, किंवा तीच ती पानं बघून आपल्याला कंटाळा आला म्हणून. पण तुमची साइट सगळ्यात जास्त वेळा बघता तुम्ही स्वतः. ठाण्यातलं गिऱ्हाईक ती वर्षातून एखाद्या वेळी, एप्रिलमध्ये, दोन-चार मिनिटं बघतं. त्याला कंटाळा कुठून येणार? उलट मागच्या वर्षी 'ऑर्डर करा' जिथे होतं तिथेच ते यंदाही सापडलं, तर त्याचं काम पटकन होतं. त्यामुळे गिऱ्हाईक जे काम करायला आलंय ते त्याला करता येत नसेल, तेव्हाच बदलाची वेळ आली असं समजा.

ते कळायचं कसं? त्यासाठी महागडं काही लागत नाही. फोनजवळ एक वही ठेवा आणि हंगामभर येणारा प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहा. 'पाच डझनाची पेटी कितीला?', 'डोंबिवलीला पाठवता का?', 'आंबा तयार असेल की आढी घालावी लागेल?', 'हा खरा रत्नागिरीचाच ना?' मे संपेपर्यंत ती वही तुम्हाला सांगेल की साइटने कुठली उत्तरं द्यायला हवी होती आणि दिली नाहीत. कुठलाही डिझायनर कामाला लावण्याआधी ही वही त्याच्या हातात द्या. 'छान मॉडर्न लुक हवा' या वाक्यापेक्षा तिचा त्याला शंभर पटीने उपयोग होईल.

दुसरा मार्ग म्हणजे गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून बघणं. एका बागायतदारांची साइट नवीन करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी त्यांच्या पुण्यातल्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक काकूंना विनंती केली, "तुमच्या फोनवरून एक पेटी मागवून दाखवा. मी काही सांगणार नाही, नुसती बघेन." काकूंनी साइट उघडली. बराच वेळ पांढरा पडदा. कारण वर सरकते फोटो होते, कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. मग बाग आली, सूर्यास्त आला, मोहोर आला. काकूंचा अंगठा ते सगळं ओलांडून खाली गेला. भाव कुठे? भाव पीडीएफमध्ये. ती उतरवली, दोन बोटांनी मोठी केली, तर वर मागच्या सालाची तारीख. "आणि अडीचशे ग्रॅमचं फळ म्हणजे केवढं हो?" असं त्यांनी मला विचारलं. मी गप्प. पुढे नाव, ईमेल, पासवर्ड, ओटीपी. सगळं भरून झाल्यावर पिनकोड टाकला, तर 'या भागात सेवा उपलब्ध नाही'. काकू तरी चिकाटीच्या. त्या तळाशी फोन नंबर शोधायला गेल्या. नंबर होता, पण तो चित्रात लिहिलेला. त्यावर बोट दाबून फोन लागेना. शेवटी त्यांनी पेन शोधलं आणि नंबर वर्तमानपत्राच्या कडेला उतरवून घेतला.

त्या मालकांना नवी साइट हवी होती. आम्ही ती केली नाही. रंग, लोगो, मांडणी सगळं तसंच ठेवलं. फोटो हलके केले. भाव पीडीएफमधून काढून पानावर साध्या अक्षरात आणले, तारखेसह. प्रत्येक वजनाचं फळ तळहातावर धरून फोटो काढले, म्हणजे अडीचशे ग्रॅम केवढं ते डोळ्यांना दिसतं. पिनकोड सगळ्यात आधी विचारला. नंबर असा लिहिला की बोट लावलं की फोन लागतो, आणि शेजारी व्हॉट्सअॅपची खूण. नव्या साइटच्या मानाने खर्च अगदी थोडा आला, आणि वहीतले भावाचे आणि पिनकोडचे प्रश्न पुढच्या हंगामात जवळपास बंद झाले.

तुमच्यापैकी अनेकांनी चाळीस-पन्नास वर्षांच्या हापूसच्या कलमांचं पुनरुज्जीवन केलेलं आहे. झाड उंच गेलं, आत ऊन पोचेना, म्हणून कोणी ते मुळापासून उपटत नाही. मधली फांदी काढायची, छाटणी करायची, नवी पालवी जपायची. खोडाची आणि मुळांची इतक्या वर्षांची कमाई तशीच राहते. साइटकडेही आधी याच नजरेने बघा.

काही वेळा मात्र मुळापासूनच नवीन करावी लागते, तेव्हा मागेपुढे बघू नये. आपल्या मराठी साइटींचं एक खास दुखणं आहे. जुन्या काळी युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर अक्षरं सारखीच ओळखली जातात ती पद्धत, नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर टाकलेला असायचा. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर नीट दिसायचा, पण आजच्या फोनवर 'रत्नागिरी हापूस' ऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. त्याहून वाईट म्हणजे गुगललाही ती खिचडीच दिसते. कोणी मराठीत 'देवगड हापूस पेटी' असं शोधलं तर तुमचं पान त्याच्या लेखी नसल्यातच जमा. अशी साइट असेल तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा. दुसरं, साइट फक्त संगणकाच्या पडद्यासाठी बनवलेली असेल तर बदला. गुगलने पानाची मोबाइलवरची आवृत्ती आधी वाचायचं धोरण २०१६ मध्ये जाहीर केलं आणि २०२३ मध्ये ते काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. म्हणजे तुमच्या साइटचं मोबाइलवर जे रूप दिसतं, तेच तिचं खरं रूप. तिसरं, ज्या प्रणालीवर साइट उभी आहे तिला सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झाले असतील तर थांबू नका, कारण तिथे गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर साठलेले असतात. आणि चौथं, तुमचा धंदाच बदलला असेल तर. आधी माल वाशी मार्केटला जायचा आणि साइट नुसती ओळखीपुरती होती, आता तुम्ही थेट घरपोच विकता किंवा शेजारी होमस्टे सुरू केलाय. मग जुन्या सांगाड्यात ते बसवत बसू नका.

एक सावधगिरी. पत्त्याच्या पट्टीत 'सुरक्षित नाही' असं दिसतं म्हणून पुष्कळ जण नवी साइट करायला निघतात. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउजर एचटीटीपीएस, म्हणजे माहिती सुरक्षितपणे पाठवायची सोय, नसलेल्या प्रत्येक साइटवर हा शेरा दाखवतो. तो घालवायला सर्टिफिकेट बसवावं लागतं, आणि ते फुकटही मिळतं. तेवढ्यासाठी कोणी तुम्हाला संपूर्ण साइटचं कोटेशन दिलं तर नाही म्हणा.

आता कशी बदलावी. मोठ्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरने फेब्रुवारी २०१४ मध्ये नवी वेबसाइट आणली. आधीची अॅमेझॉनच्या यंत्रणेवर चालायची. नवीवर सुमारे १५ कोटी पौंड खर्च झाले. दिसायला ती देखणी होती, पण जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हा नव्याने नोंदणी करावी लागली आणि ओळखीच्या गोष्टी ओळखीच्या जागी राहिल्या नाहीत. जूनअखेर संपलेल्या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली. एवढे पैसे, एवढी माणसं, तरी नेहमीच्या गिऱ्हाइकाला दारात परत नाव विचारल्याचा फटका बसलाच.

दुसरं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. आयकर खात्याचं नवं पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झालं. त्याआधी काही दिवस जुनं बंद ठेवलं होतं, आणि नवं आल्यावर जुन्याकडे परतायची सोय नव्हती. लॉगिन होईना, फॉर्म सापडेनात. परदेशी पैसे पाठवण्यासाठी लागणारे १५सीए, १५सीबी हे फॉर्म काही काळ कागदावर भरून बँकेत द्यायची मुभा द्यावी लागली. विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवताना भरणाऱ्यांच्या अडचणींचा उल्लेख खात्याला करावा लागला. एवढ्या मोठ्या यंत्रणेत सगळं एका दिवशी बदलणं किती धोक्याचं असतं ते आपण पाहिलं. आपल्याला तर मुदतवाढही मिळत नाही. मे संपला की आंबा संपला.

म्हणून तुकड्यातुकड्याने बदला. आधी भावाचं पान, ते चाललं की ऑर्डरचा फॉर्म, मग बाकीचं. आणि सगळं एकदम बदलणं भागच असेल तर जुन्या साइटची पूर्ण प्रत हाताशी ठेवा. काही बिघडलं तर तासाभरात परत फिरता आलं पाहिजे.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि साइट बनवणारे नेमके तोच विसरतात. तो म्हणजे जुन्या पानांचे पत्ते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची अधिकृत ओळख, मिळालं. त्यानंतर तुमच्यापैकी कित्येकांनी पेट्यांवर क्यूआर कोड छापायला सुरुवात केली. तो कोड तुमच्या साइटवरच्या एका ठरावीक पानाकडे नेतो. नव्या साइटवर त्या पानाचा पत्ता बदलला, तर गिऱ्हाईक पेटीवर फोन धरतं आणि त्याला दिसतं, 'पान सापडत नाही'. मानांकनाची खात्री करायला आलेल्या माणसाला हे दिसलं तर तो काय समजेल? तीच गोष्ट सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांची. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेली तुमची लिंक दर मार्चमध्ये पुन्हा वर येते आणि तिच्यावरून पेट्या जातात. ही तुमची वर्षानुवर्षांची पुंजी आहे.

ती राखायची रीत सोपी आहे. साइट बदलण्याआधी जुन्या सगळ्या पानांची यादी एक्सेलमध्ये काढा. शेजारच्या रकान्यात प्रत्येकाचं नवं पान लिहा. मग साइट बनवणाऱ्याला सांगा, यातल्या प्रत्येकाला ३०१ रीडायरेक्ट लाव. म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या पानावर जातो आणि गुगललाही कळतं की हे पान कायमचं हललंय. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं. मी सांगते, छापील पेट्या फिरत असतील तर कधीच काढू नका. आणि सगळी जुनी पानं एकाच मुखपृष्ठाकडे वळवून मोकळं होऊ देऊ नका. कोड स्कॅन करणाऱ्याला मानांकनाचं पान हवं असतं, सूर्यास्ताचा फोटो नको असतो.

इथेच आणखी एक गोष्ट तपासा. नवी साइट बनत असताना गुगलने ती वाचू नये म्हणून 'नोइंडेक्स' नावाचा एक अडसर लावलेला असतो, आणि ते बरोबरच आहे. पण साइट सुरू करताना तो काढायचा राहून जातो. साइट छान दिसते, मालक खूश असतो, आणि महिन्याभरात शोधातून येणारी गिऱ्हाइकं आटतात. सुरू केल्याच्या दिवशीच विचारा, "नोइंडेक्स काढलंस का?"

वेळेचं म्हणाल, तर आंब्यासाठी काम जूनमध्ये सुरू करा आणि ऑक्टोबरच्या आत नवी साइट चालू करा. गुगलला नवी पानं वाचून जागेवर बसवायला वेळ लागतो, आणि जानेवारीपासून आगाऊ बुकिंगची विचारणा सुरू होते. फेब्रुवारी ते मे भाव आणि तारखा सोडून कशालाही हात लावू नका. होमस्टेवाल्यांनी मे, दिवाळी आणि डिसेंबर टाळायचा, म्हणजे जुलै-ऑगस्ट उरतो. गणपतीत तर नकोच, घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं आणि साइट बनवणाराही गावी गेलेला असतो.

बदलण्याआधीचे आकडे उतरवून ठेवा. किती ऑर्डरी आल्या, किती फोन आले, लोक कुठले शब्द शोधून तुमच्याकडे पोचले. लोक शोधातून कसे पोचले ते दाखवणारं गुगलचं सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामुळे मागचा हंगाम वेळीच उतरवून घेतला नाही तर तो हातचा जातो. आणि तुलना करताना एप्रिलची एप्रिलशी करा. सप्टेंबरमध्ये साइट बदलून ऑक्टोबरमध्ये 'ऑर्डरी कमी झाल्या' म्हणण्यात अर्थ नाही.

शेवटचा मुद्दा, आणि यात भीड धरू नका. डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचं इंटरनेटवरचं नाव, कुणाच्या नावावर आहे? साइट करून देणाऱ्याच्या ईमेलवर ते घेतलेलं असतं आणि मालकाला माहीतही नसतं, अशी कितीतरी प्रकरणं मी पाहिली आहेत. उद्या तो माणूस शहर सोडून गेला, नूतनीकरणाचा मेल त्याच्याकडेच पडून राहिला, तर पेटीवर छापलेलं तुमचं नाव दुसरं कोणीतरी विकत घेऊ शकतं. डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) आणि गुगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइल, तिन्ही तुमच्या स्वतःच्या ईमेलवर हवीत. नव्या कामाची आगाऊ रक्कम देण्याआधी हे लेखी घ्या.

मी तासभर अजून इथेच आहे. ज्यांच्या पेट्यांवर क्यूआर कोड आहे त्यांनी एखादी पेटी किंवा तिचा फोटो घेऊन पुढे या, आपण तो स्कॅन करून बघू.