आधी ऐका, मग बोला

श्रोतेहो, नमस्कार. वीज, दूरध्वनीच्या तारा आणि मोबाइलचे मनोरे एकाच वेळी निकामी झाल्यावरही निरोप पोहोचवू शकणाऱ्या हौशी रेडिओचालकांविषयी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींविषयी, आज बोलायचे आहे.

२००४ च्या डिसेंबरात हॅम असलेल्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हॅम प्रक्षेपण होऊन कित्येक वर्षे लोटली होती. त्यामुळे ‘व्हीयू४आरबीआय’ ही त्यांची कॉल साइन, म्हणजे केंद्राचे सांकेतिक नाव, आपल्या नोंदवहीत यावी म्हणून जगभरचे हॅम ताटकळत असत. अशा वेळी संभाषण ते केवढे? परस्परांची कॉल साइन आणि ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे तुमचा आवाज अगदी स्पष्ट आणि जोरकस येतो आहे, एवढेच बोलायचे आणि पुढच्याला वाट करून द्यायची. २६ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली, आणि जे केंद्र निव्वळ छंदासाठी मांडले होते त्यावरून माणसांची नावे जाऊ लागली. अमुक गृहस्थ सुखरूप आहेत, घरी कळवा. अमुक बाई सापडत नाहीत, चौकशी करा. मुख्य भूमीवरचे हॅम ते निरोप उतरवून घेत आणि नातेवाइकांना कळवत. पुढे कार निकोबारलाही हॅम केंद्र उभे राहिले.

हे साधते कसे, ते थोडक्यात सांगतो. लघुलहरी, म्हणजे एका प्रकारच्या रेडिओलहरी, वातावरणाच्या वरच्या, आयनीभूत म्हणजे विद्युतभारित थरांवरून परततात, म्हणून मध्ये मनोरा लागत नाही. मोटारीची बॅटरी आणि नीट ताणलेली तार एवढ्यावर शेकडो किलोमीटरचा पल्ला गाठता येतो. अशा वेळी वारंवारता मात्र सर्वांची एकच, म्हणून बोलण्याचा क्रम ठरवणारा नियंत्रक ज्याला पाचारण करील त्यानेच बोलायचे. आधी ऐकायचे, मग बोलायचे. पुन्हा सांगतो, आधी ऐकायचे. माझे तर मत आहे की परवान्याच्या परीक्षेत सुवाच्य अक्षरालाही गुण असावेत, कारण घाईत खरडलेले आडनाव दुसऱ्याच घरी रडारड करवू शकते. म्हणूनच नाव एकेक अक्षर सुटे करून सांगतात, ऐकणारा ते जसेच्या तसे परत वाचतो, आणि पलीकडून ‘बरोबर’ असे आल्यावाचून पुढचा निरोप घेत नाहीत.