बारकी जखम

(दृश्य: रात्र. उसाच्या ट्रॉल्यांची रांग.)

गळीत हंगाम लागला की कोल्हापूरच्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॉल्या चालतात. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मोटारसायकल आदळते, पाय रस्त्याकडेच्या चिखलात जातो आणि नडगी मोडते. नडगीवर पुढून मांसच नसतं, नुसती कातडी. मोडलेलं टोक ती फाडून सहज बाहेर येतं.

(दृश्य: अपघात विभाग.)

सोबतचा माणूस सांगतो, "साहेब, जखम बारकीच हाय. हळद दाबलीया."

हळद नको होती. स्वच्छ कापड बांधायचं, बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही, आणि लगेच निघायचं. पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. ते ऑपरेशन थिएटर मोकळं व्हायची वाट बघत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही तेव्हाच.

गस्टिलो आणि अँडरसन या हाडांच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये हाड मोडून कातडी फाटलेल्या अशा जखमांचे तीन प्रकार केले. एक सेंटिमीटरच्या आतली, स्वच्छ जखम पहिल्यात. त्याहून मोठी, पण मांस फारसं न चिरडलेली दुसऱ्यात. तिसऱ्यात मांस चिरडलेलं, हाडाचा चुरा. १९८४ मध्ये या तिसऱ्याचेच तीन भाग झाले: हाड झाकायला जागचं मांस पुरतं तो अ, दुसरीकडून मांस आणावं लागतं तो ब, रक्तवाहिनी तुटलेली, ती जोडल्याशिवाय पाय वाचत नाही, तो क.

आणि शेतातली माती, शेण आत गेलं असेल, तर बारकी जखमसुद्धा थेट तिसऱ्यात.

(दृश्य: थिएटर. चिमट्याचा क्लोजअप.)

म्हणून खरा प्रकार टेबलावरच ठरतो. जखम मुद्दाम वाढवतात. चिमट्यात मांस धरून बघतात: रंग लाल आहे? हाताला घट्ट लागतंय? आकसतंय? कापल्यावर रक्त येतंय? मेलेलं मांस ठेवलं तर जंतूंना घर मिळतं, म्हणून ते काढायचंच. मग सलाईननं धुणं. मोठ्या जखमेला नऊ लिटरपर्यंत. साबणाचं पाणी बरं, असं काहींना वाटायचं. २०१५ च्या मोठ्या चाचणीत साबणाच्या रुग्णांनाच पुन्हा जास्त ऑपरेशनं लागली.

धुताना खोल आतून उसाच्या पाचटाचा तुकडा निघतो. बोटाच्या पेराएवढा. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

(दृश्य: वॉर्ड. पायाबाहेर सळ्या.)

"डॉक्टर, प्लास्टर कधी घालणार?"

"आता नाही, ताई. सळ्यांनी हाड धरलंय. परवा पुन्हा उघडून बघू, आणि आठवड्याच्या आत मांसानं झाकू."