थोमा त्याच खोलीत होता

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारच्या उपासनेत आम्ही सारे उभे राहून विश्वासाची कबुली एका सुरात म्हणतो. लहानपणापासून पाठ असलेले ते शब्द आपोआप तोंडातून बाहेर पडतात; पण कधीकधी एखाद्या वाक्यापाशी, बहुधा देहाच्या पुनरुत्थानापाशी, म्हणजे मेलेले देहासह पुन्हा उठतील या वाक्यापाशी, माझी जीभ अडखळते आणि शेजारचे आवाज पुढे निघून जातात. तेवढ्या वेळापुरती मी ख्रिस्ती असते की नसते, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळत होता. त्या प्रश्नाशी झगडताना मला प्रवचनांपेक्षा पंडिता रमाबाईंच्या पत्रांचा अधिक आधार वाटला.

रमाबाईंची आठवण आपल्याकडे बहुधा दोन रूपांत निघते. कोणाला त्या स्वधर्म सोडून गेलेल्या विदुषी वाटतात, तर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या अढळ श्रद्धेच्या साध्वी असतात. पत्रांत भेटणाऱ्या रमाबाई मात्र या दोन्ही चौकटींत मावत नाहीत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि दोन वर्षेही उलटली नव्हती तोच त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धांताविषयी, येशूच्या ईश्वरत्वाविषयी आणि कुमारीच्या पोटी झालेल्या त्याच्या जन्माविषयी रोखठोक प्रश्न विचारत होत्या. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत हे खरे, पण पाद्री आणि बिशप यांच्या मुखातून निघालेला प्रत्येक शब्द मान्य करण्यास आपण बांधलेल्या नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, लॅटिन ही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र आहे काय, असाही त्यांचा सवाल होता. (हा सवाल आपल्या ख्रिस्ती देवळांनी अजून पुरता मनावर घेतलेला नाही, पण तो वेगळा विषय.)

सिस्टर जेराल्डीन यांना या शंकांमध्ये गर्व दिसला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांना मात्र वेगळे दिसले: रमाबाईंना हा धर्म तत्त्वज्ञान म्हणूनच अभ्यासावा लागेल, केवळ इतिहासाची साक्ष म्हणून तो त्यांच्या गळी उतरणार नाही, असे त्यांचे मत होते. माझा कल अर्थातच बीलबाईंकडे आहे. ज्या बाईने दुष्काळात आईवडील गमावले, शास्त्रांचे पाठांतर करूनही ज्यांची उत्तरे तिला पुरली नाहीत, तिने नवी उत्तरे तरी न चाचपता का स्वीकारावीत? पुढे स्वतः रमाबाईंनीच लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्या आठ वर्षांत त्यांनी ना मंडळी सोडली, ना प्रश्न सोडले.

बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट आहे. 'संशयी थोमा' म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. त्या गोष्टीतील एक साधा तपशील मात्र वाचताना निसटून जातो. क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठून आपल्याला भेटला, असे इतर शिष्यांनी सांगितले तेव्हा, त्याच्या हातांवरील खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला, आणि आठ दिवसांनी शिष्य पुन्हा त्या घरात जमले तेव्हा थोमाही त्यांच्याबरोबर होता. त्या आठ दिवसांत इतर दहा जणांनी त्याला बाहेर काढले नाही, आणि तोही रुसून निघून गेला नाही. आमच्या मंडळ्यांत आज एखाद्या तरुणाने असा प्रश्न विचारला, तर 'बाळा, प्रार्थना कमी पडते तुझी' एवढेच ऐकून तो पुढच्या रविवारी येत नाही. त्याच्या शंकेपेक्षा आपली ही घाई मला अधिक अविश्वासाची वाटते.

रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देहावसान होण्याच्या थोडे आधी ते पुरे केले. तोवर त्यांच्या जुन्या शंकांपैकी बहुतेक निवल्या होत्या. तरीही बायबलमधील यशया या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, मुलाला जन्म देणाऱ्या स्त्रीविषयी, एक हिब्रू शब्द येतो, ज्याचा अर्थ 'कुमारी' करावा की नुसता 'तरुणी', यावर विद्वान आजही वाद घालतात. तरुणपणी ज्या गोष्टीवरून त्यांनी जेराल्डीनबाईंशी वाद घातला होता, तीच गोष्ट तिथे एका शब्दाच्या रूपाने त्यांच्यासमोर उभी राहिली असणार. केडगावात, शेजारी शब्दकोश उघडा असताना, त्यांची लेखणी त्या ओळीवर किती वेळ थांबली असेल, असे मला नेहमी वाटते.