चॉकलेटला वार नेमून द्या

श्रोतेहो, नमस्कार.

मी दातांची डॉक्टर. चॉकलेटचा विषय माझ्या दवाखान्यात रोज निघतो, आणि बहुतेक वेळा तो काढते एखादी आजी. नातवाचा गाल सुजलेला, पुढचे दात काळे पडलेले, आणि आजी हळू आवाजात सांगते, "काय करू डॉक्टर, जेवतच नाही हो. चॉकलेट दाखवलं की चार घास तरी पोटात जातात." त्या आजीवर रागवावं असं मला कधी वाटत नाही. पण त्या चार घासांपायी पोराचं तोंड दिवसभर गोड राहतं, आणि दात किडायला तेवढं पुरतं.

तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लानं दातावरचं कठीण आवरण झिजायला लागतं. आपली लाळ ते आम्ल निवळवते, पण तिला साधारण अर्धा तास तरी लागतो. तेवढ्यात दुसरा तुकडा तोंडात गेला, की तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे अख्खं चॉकलेट जेवण झाल्या झाल्या एकदाच खाल्लं, तर दातांना त्रास कमी. तेच दिवसभर तुकडे मोडत खाल्लं, तर जास्त.

हे कळलं त्याची किंमत फार मोठी होती. १९४०च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड शहरात, विपेहोल्म नावाच्या संस्थेत, मतिमंद रुग्णांना त्यांची संमती न घेता चिकट टॉफी खायला देऊन पाहिलं गेलं. दोन जेवणांच्या मध्ये टॉफी खाणाऱ्यांचे दात भराभर किडले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे फारसे नाहीत. त्या माणसांवर अन्यायच झाला, आणि आज आपण त्यांच्या दुःखातून मिळालेलं ज्ञान वापरतो, याची आठवण ठेवायला हवी. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली. ती अजूनही आहे.

मला ही पद्धत मनापासून पटते. "आजपासून चॉकलेट बंद" असं म्हटलं की मूल दिवसभर त्याच्याच मागे लागतं, आणि मोठी माणसंही काही वेगळी नसतात. रविवारी जेवण झाल्यावर मिळणार हे पक्कं असेल, तर बुधवारचा हट्ट पुष्कळ कमी होतो. मात्र वार ठरला की आजीनं, काकानं, शेजारच्या मावशीनं, सगळ्यांनी तो पाळायचा. एकानं जरी गुपचूप खिशातून काढून दिलं, तरी सगळं मुसळ केरात.

मोठ्यांचं दुखणं वेगळं. दुपारी चारच्या सुमाराला ऑफिसात डोळे जड होतात आणि हात आपोआप टेबलाच्या खणाकडे जातो. किंवा रात्री मालिका बघता बघता फ्रिजचं दार उघडलं जातं. भूक असतेच असं नाही. हाताला त्या वेळेची सवय लागलेली असते. म्हणून खण रिकामा करा. घरात मोठं पाकीट आणूच नका. खायच्या दिवशी एक छोटं आणा. चार वाजता खरंच भूक लागत असेल तर मूठभर शेंगदाणे, फुटाणे, एखादं केळं. चिक्की पौष्टिक खरी, पण गुळाचा पाक दातांच्या फटींत चिकटून बसतो. ती खायचीच तर जेवणानंतर खा आणि खळखळून चूळ भरा.

एकदा चॉकलेटचं वेष्टन उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, आणि दुधाच्या चॉकलेटवर बहुधा पहिलं नाव साखरेचंच दिसेल. अशा चॉकलेटचं निम्मं वजन, कधी त्याहून जास्त, साखरेचं असतं. ४० ग्रॅमच्या वडीत पाच चमचे साखर सहज जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवायला सांगते. आपला दोन वेळचा चहा त्यातच धरायचा! डार्क चॉकलेटमध्ये साखर कमी असते, पण स्निग्धांश भरपूर, तेव्हा डार्क आहे म्हणून वडीच्या वडी संपवू नका.

खाल तेव्हा मात्र चावून गिळू नका. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपली जीभ त्याहून गरम. तुकडा जिभेवर ठेवून थांबलात तर तो आपला आपण विरघळतो, आणि दोन तुकड्यांतही मन भरतं.

शाळेत वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटली जातात, त्याबद्दलही पालकसभेत बोला. पेन्सिल, खोडरबर, गोष्टीचं छोटं पुस्तक मिळालं तरी मुलं खूश होतात.

आणि रात्री दात घासून झाले की पाण्याशिवाय काही नाही, साखर घातलेलं दूधसुद्धा नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे दाताला चिकटलेली साखर रात्रभर तशीच राहते. मूल कितीही रडलं तरी एवढा एक नियम मोडू नका.

नमस्कार.