घोडा हट्टी नाहीये, तुमचा लगाम सुटत नाहीये

नमस्कार मंडळी! सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजाराचे रील फिरायला लागले, की माझ्याकडे एकच प्रश्न येतो: "ताई, घोडा हट्टी आहे, ऐकतच नाही. काय करू?"

मूळ गोष्टी भरभर सांगते. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. डोळे बाजूला, त्यामुळे जवळपास चहूकडचं दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं नाही. म्हणून न बोलता मागून जाऊ नका. कान मानेकडे चपटे दाबले तर लांब राहा. झालं.

आता खरा मुद्दा. लगाम ओढल्यानं घोडा शिकत नाही, सोडल्यानं शिकतो. ओढला की त्याला तोंडात दाब कळतो. तो थांबला आणि दाब गेला, की थांबणं बरोबर होतं हे त्याला उमगतं. थांबल्यावरही तुम्ही ओढतच राहिलात, तर त्यानं काय समजायचं? थांबून उपयोग नाही, एवढंच. मग तो मान वर फेकतो, तोंड उघडतो, आणि लोक काटेरी लगाम आणतात! अहो, १९६५ च्या नियमांपासून त्याला बंदी आहे. माझा खरंच संताप होतो. तोंड फाटलेलं घोडं मी जवळून पाहिलंय.

टाचेचंही तेच. टाचेनं दाबल्यावर घोड्यानं पाऊल उचललं की टाच सैल. चाललेल्या घोड्याला टाचा मारत राहिलात, तर महिन्याभरात तो टाचेला दाद देणार नाही. मग म्हणाल, "मठ्ठ आहे."

मी शिकत होते तेव्हा एक घोडी वाऱ्यानं फडफडणाऱ्या गोणपाटाला बुजली. मी घाबरून दोरी गच्च आवळली, तशी ती मागच्या पायांवर उभीच राहिली. आमच्या मोतद्दारकाकांनी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या काकांनी, दोरी माझ्या हातातून घेतली आणि हातभर ढिली दिली. घोडी फुरफुरली, नाकपुड्या फुगवून बघत राहिली. मग गोणपाटाकडे एक पाऊल टाकलं. काकांनी दोरी आणखी सोडली. पाचेक मिनिटांत ती गोणपाट हुंगत होती.

एका दादांनी लिहिलंय, "घोड्याला सगळं कळतं, तो मुद्दाम करतो." दादा, बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी उलगडा केला. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि तेवढं बघून हान्स थांबायचा. गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता. इतकं बारीक टिपणाऱ्या जनावराला तुमचा आवळलेला हात कळणार नाही?

तेव्हा व्हिडिओ पाठवाल तर नुसता घोडा नको, तुमचे हात दिसू द्या. घोडा थांबतो त्या क्षणी बोटं काय करतात, ते मला बघायचंय.