दाराच्या फटीतून दिसलेलं दुःख

[दृश्य: कोरडं, दगडी पठार. वाऱ्याचा आवाज.]

इसवी सन 629. आजच्या जॉर्डनमधलं मुअता हे ठिकाण. मदिनेहून निघालेली सुमारे तीन हजारांची फौज इथं बायझंटाईन साम्राज्याच्या कितीतरी मोठ्या सैन्यासमोर उभी होती. झेंडा आधी जैद बिन हारिसा यांच्या हातात होता. ते पडले. मग तो जाफर बिन अबू तालिब यांनी उचलला. तेही पडले. मग अब्दुल्लाह बिन रवाहा. तेही गेले.

प्रेषित मुहम्मद (स.) या लढाईत नव्हते. ते शेकडो मैल दूर, मदिनेत होते. सहीह बुखारी या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांची वचनं आणि आठवणींच्या, संग्रहात नोंद आहे, की या तिघांच्या मृत्यूची बातमी लोकांना सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जैद म्हणजे एकेकाळी त्यांनी मुलगा मानलेला माणूस. जाफर सख्खे चुलतभाऊ.

प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा यांनी त्या दिवसाची एक लहानशी आठवण सांगून ठेवलीय. प्रेषित बसून होते, दुःख चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मी दाराच्या फटीतून बघत होते.

युद्ध लांब चाललेलं, माणसं आपली, आणि घरात बसलेल्याच्या हातात काही नाही. ही अवस्था नवी नाही. तेव्हा बातमी एकदा यायची, एवढाच काय तो फरक.

[दृश्य: अंधारात फोनचा उजेड. बोट पडद्यावर सरकतंय.]

आता ती दिवसभर येत राहते. फजरचा, म्हणजे पहाटेच्या नमाजचा, गजर बंद करायला फोन हातात घ्यावा, तर गजराखालीच रात्रभरात साचलेल्या नोटिफिकेशन. ढिगाऱ्यातून बाहेर काढलेलं मूल. पांढऱ्या कफनांची रांग. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू. बघता बघता वेळ निघून जातो, मग घाईघाईत वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं), आणि नमाजला उभं राहिल्यावर ओठांवर सूरह फातिहा, कुरआनचा पहिला अध्याय, असते, पण डोळ्यांपुढून तो व्हिडिओ हलत नाही. वर आणखी एक टोचणी: आपण सुखरूप आहोत, पाणी गरम आहे, छप्पर जागेवर आहे. बघणं थांबवलं तर ती गद्दारी ठरेल, असं वाटत राहतं.

बघत राहण्याची किंमत मात्र मोजावी लागते. 2013 च्या एप्रिलमध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं आढळली, आणि ती प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. पडद्यावर बघितलेलं युद्ध शरीराला पडद्यापुरतं वाटत नाही. झोप उडते, छाती जड होते, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते.

[दृश्य: रेहालवर उघडा कुरआन. पान उलटणारा हात.]

ईमान पक्कं असलं की दुःख होत नाही, असं ठामपणे सांगणारी माणसं प्रत्येक जमातीत असतात. त्यांनी सूरह यूसुफ जरा सावकाश वाचायला हवी. हजरत याकूब यांचा मुलगा हरवलाय. कुठे आहे, माहीत नाही. कित्येक वर्षं गेलीत. आणि कुरआन सांगतो, की दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडले. एका पैगंबराचे डोळे! घरचेच त्यांना बोलतात: यूसुफची आठवण काढून काढून स्वतःचा जीव घालवाल. याकूब वाद घालत नाहीत. आपली व्यथा आणि आपलं दुःख मी फक्त अल्लाहपुढे मांडतो, एवढंच म्हणतात. लगेच पुढच्या आयतीत ते मुलांना कामाला लावतात: जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका.

हा क्रम बघण्यासारखा आहे. आधी रडणं, मग गाऱ्हाणं, मग शोध. आणि हे सगळं करणाऱ्या याकूबांनीच थोडं आधी ‘सब्र’ (धीर) करीन असं म्हटलेलं आहे. म्हणजे त्यांच्या लेखी रडणं आणि सब्र यांचं एकमेकांशी वैर नव्हतं.

मुअताच्या बातमीनंतर मदिनेत काय झालं, तेही याच वळणाचं आहे. प्रेषितांनी सांगितलं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असा प्रसंग आलाय की त्यांना दुसरं काही सुचणार नाही. मग तीन दिवस त्या घराला शोकासाठी मोकळे दिले. तीन दिवसांनी ते स्वतः गेले आणि म्हणाले, आजनंतर माझ्या भावासाठी रडू नका. जाफर यांची मुलं बोलावली. त्यातल्याच एका मुलानं, अब्दुल्लाह यांनी, मोठेपणी आठवण सांगितली: आम्हाला आणलं तेव्हा आम्ही जणू कोंबडीची पिल्लं होतो. प्रेषितांनी न्हावी बोलावला आणि मुलांचे केस काढून घेतले.

जेवण, तीन दिवस, न्हावी. मानसोपचाराच्या पुस्तकात हे शब्द सापडणार नाहीत, पण दुःखाला जागा कशी द्यावी आणि त्याला हद्द कुठे घालावी, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवलं असेल.

[दृश्य: वुजूचं पाणी. कोपरापर्यंत भिजलेले हात.]

नमाज हेच काम दिवसातून पाच वेळा करते. वेळ ठरलेली, शरीराच्या हालचाली ठरलेल्या, तेवढा वेळ फोन लांब. सजद्यात बंदा आपल्या रबच्या (पालनकर्त्याच्या) सर्वांत जवळ असतो, तेव्हा तिथं भरपूर दुआ करा, अशी हदीस आहे. म्हणून तर जे चार लोकांत बोलता येत नाही, ते कपाळ जमिनीला टेकल्यावर बाहेर पडतं.

राग? रागालाही जागा आहे. 625 मध्ये बीर मऊना इथं सुमारे सत्तर कुरआन-पाठकांना दग्यानं मारलं गेलं. मदिनेत ही खबर आल्यावर प्रेषितांनी महिनाभर नमाजमध्ये उभं राहून, मारेकरी टोळ्यांची नावं घेऊन त्यांच्याविरुद्ध कुनूतची दुआ केली. संकटकाळातली ही कुनूत, कुनूत-ए-नाजिला, आजही युद्धाच्या दिवसांत अनेक मशिदींत इमाम पढतात आणि मागची सफ (रांग) ‘आमीन’ म्हणते. दिवसभर एकट्यानं गिळलेला संताप तिथं शेकडो तोंडांनी बाहेर येतो. पण महिना संपला, आणि प्रेषितांनी ती दुआ थांबवली. माझ्या मते ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

ज्यांना कधी भेटलो नाही, त्यांच्यासाठी काय करायचं? सहीह मुस्लिम या दुसऱ्या हदीससंग्रहात आहे: आपल्या भावाच्या पाठीमागे, त्याला नकळत केलेली दुआ कबूल होते, आणि नेमलेला फरिश्ता म्हणतो, आमीन, तुलाही तेवढंच मिळो. आणि हबशाचे (आजच्या इथिओपियाच्या भागाचे) राजे नजाशी वारले तेव्हा प्रेषितांनी मदिनेत सफा लावून त्यांच्या जनाजाची नमाज पढली. मयत समुद्रापलीकडे होती. या गायबाना नमाजबद्दल फिकहच्या (इस्लामी धर्मशास्त्राच्या) पंथांमध्ये मतभेद आहेत. हनफी आणि मालिकी तिला मान्यता देत नाहीत, शाफई आणि हंबली देतात. दुआबद्दल मात्र कुणाचाच वाद नाही.

बातम्यांचाही एक नियम आहे, आणि तो आज फारच कमी पाळला जातो. सूरह हुजुरातमध्ये हुकूम आहे की एखादा अविश्वासू माणूस बातमी घेऊन आला तर आधी खातरजमा करा. जुन्याच युद्धाचा व्हिडिओ नव्या नावानं पुढे ढकलणाऱ्यांनी तरी ही आयत वाचावी.

[दृश्य: दवाखान्यातला बाक. दोन माणसं शेजारी बसलेली.]

इथं एक धोका आहे, आणि तो श्रद्धेच्या आतलाच आहे. धर्माच्या आधारानं माणूस संकटाला कसा तोंड देतो, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी वर्षानुवर्षं केला. त्यात दोन वाटा स्पष्ट दिसल्या. देव सोबत आहे असं मानणारे बहुधा सावरतात. देव मला शिक्षा देतोय, त्यानं मला टाकलंय, या विचारात अडकलेले जास्त खचतात. त्यामुळे रात्र रात्र जागणाऱ्याला ‘तुझं ईमान कमी पडतंय’ असं सांगणारा त्याला दुसऱ्या वाटेवर ढकलत असतो. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं झालं तर डॉक्टरकडे जायलाच हवं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. ‘अल्लाहच्या बंद्यांनो, उपचार घ्या’ ही हदीस आहेच.

ही समज मुस्लिम वैद्यांना फार पूर्वीपासून होती. 934 मध्ये वारलेले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेलं दुःख आणि कारण सापडत नाही असं दुःख, यांत त्यांनी फरक केला. दुसऱ्या प्रकाराचं मूळ शरीरात असतं आणि त्यावर औषधोपचारही लागतात, असं ते सांगतात. त्यांचा एक सल्ला फार व्यवहारी आहे. शहाणा माणूस जशी अडीअडचणीला लागणारी औषधं आधीच घरात ठेवतो, तसे बळ देणारे विचार मन शांत असतानाच जमवून ठेवावेत. संकट आल्यावर ते शोधत बसायला सवड नसते.

[दृश्य: सकाळचं ऊन. मदरशात मोठ्यानं पाठ करणारी मुलं.]

पुष्कळांच्या साठ्यात सूरह दुहा असते. अकरा छोट्या आयती, लहानपणीच पाठ झालेल्या. मक्केत काही काळ प्रेषितांना वह्य (ईश्वरी संदेश) येणं थांबलं होतं. वरून काहीच उत्तर नाही, आणि विरोधक टोमणे मारतायत. त्या शांततेनंतर ही सूरह उतरली: तुझ्या रबनं तुला सोडलेलं नाही, तो नाराजही नाही. दूरच्या युद्धाच्या रात्री लोक इथपर्यंत पढतात आणि थांबतात.

सूरह मात्र पुढे जाते. तू अनाथ होतास, तुला आसरा दिला, याची आठवण करून देते आणि शेवटी कामं सांगते. अनाथावर जबरदस्ती करू नकोस. मागणाऱ्याला झिडकारू नकोस. रबनं जे दिलंय, त्याचं वर्णन करत राहा. पहिल्या दोन कामांसाठी पैसा लागतो, आणि त्याची सोय सूरह तौबात आहे: जकात, म्हणजे सक्तीचं दान, कुणाला द्यायची याचे आठ हक्कदार तिथं नेमून दिलेत. गरीब आहेत, निर्धन आहेत, कर्जात बुडालेले आहेत, आणि घरापासून लांब, रस्त्यात अडकून पडलेलाही आहे.