मीटिंग कुठं भरते?

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. वर्गाच्या दाराबाहेर चपला-बूट.)

संध्याकाळचे सात वाजत आलेत. शाळा कधीच सुटली, पण एक वर्ग उघडा आहे. फळ्यावर सकाळचा भागाकार अर्धवट राहिलाय. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसतायत. एकाच्या अंगावर रिक्षाचा खाकी शर्ट आहे, दुसऱ्याच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. आता दार लोटलं जाईल आणि आमचा कॅमेरा बाहेरच राहील. ही क्लोज्ड मीटिंग आहे. ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे, त्यालाच आत जागा.

ही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे नाव गुप्त ठेवून एकमेकांच्या आधारानं दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची मीटिंग. सगळे नुसतं 'एए' म्हणतात. 

एएची सुरुवातच मुळी शोधाशोधीतून झाली. १९३५ सालचा मे महिना, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन तिथं एका हॉटेलात उतरला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झालेले, त्यात हातातला सौदा फिसकटला. समोर हॉटेलचा बार. तो वळला फोनकडे, आणि गावातल्या चर्चना फोन लावत सुटला : माझ्यासारखा कुणी पिणारा तुमच्या माहितीत आहे का? त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. न पिणाऱ्याला आधार हवा होता, पिणाऱ्याला सुटका. पुढं दारूतून बाहेर पडायच्या बारा पायऱ्या आल्या, पुस्तकं आली, पण गाभा तेवढाच राहिला.

आपल्याकडं मात्र नवख्याला ही खोली सहजी सापडत नाही. जाहिरात नाही, फ्लेक्स नाही, कुणी अध्यक्ष नाही. नाव गुप्त ठेवायचं म्हटल्यावर पाटी तरी ठळक कशी लावणार? मग पत्ता मिळतो तो माणसांकडून. सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक यांना विचारावं. व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिला पैसे पडत नाहीत. एएच्या संकेतस्थळावर गावाप्रमाणे मीटिंगा सापडतात. तरी निघण्यापूर्वी एक फोन करावा. शाळेला सुट्टी लागली की वर्ग मिळत नाही, मीटिंगची जागा बदलते, आणि बंद दारापाशी उभा राहिलेला माणूस तसाच गुत्त्याकडे जाऊ शकतो.

(दृश्य : मीटिंगपूर्वीचा रिकामा वर्ग. टेबलावर पुस्तकं, कापडी पिशवी.)

आत काय चालतं? भाषण नाही, उपदेश नाही. एकेक जण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकावं. पहिल्यांदा आलेल्यानं नुसतं ऐकलं तरी चालतं. 'ईश्वर' हा शब्द कानावर येतो आणि काही जण तिथंच बिचकतात. पण तो ज्यानं त्यानं आपापल्या परीनं घ्यायचा असतो, आणि नास्तिक मंडळीही वर्षानुवर्षं येत असतात.

एक गोष्ट इथं ठासून सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्यानं कुणाच्या शपथेवर एका दिवसात बाटली बंद करू नये. हात थरथरतात, घाम फुटतो, आकडी येते, भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, औषधं. मीटिंग त्याच्या जोडीला.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागं होती. उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाला नंतरही भेटत राहायचं, आणि त्याच्या बायकोलाही सोबत घ्यायचं, ही तिथली रीत. आमच्या मते बायकोचा प्रश्न तर आधी घ्यायला हवा. घरात पैसे लपवणारी, शेजाऱ्यांपुढं सारवासारव करणारी तीच असते. नवरा यायला तयार नसला तरी तिनं एकटीनं जावं. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या मीटिंगा वेगळ्या भरतात.

पिणाऱ्या बाईची अडचण आणखी निराळी. वीस पुरुषांत ती एकटी. बायकांचा ग्रुप जवळपास आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावं. लहान गावात तर सगळेच ओळखीचे, मग कुणी एसटीनं शेजारच्या तालुक्याला जातं, कुणी फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगला बसतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

शिवाय सगळे ग्रुप सारखे नसतात. एक शिस्तीचा, घड्याळावर चालणारा. दुसरा कट्ट्यासारखा, जिथं खरं बोलणं मीटिंगनंतरच्या चहावर होतं. पहिल्या ठिकाणी जीव रमला नाही, तर 'एए आपल्यासाठी नाही' असं ठरवण्याआधी दुसरं, तिसरं ठिकाण बघावं.

आणि एक प्रश्न, जो फोनवर हमखास विचारला जातो, तोही आवाज खाली आणून : आज घेतलेली आहे, आलो तर चालेल का?

बहुतेक ग्रुप 'या' म्हणतात. आज बोलायचं नाही, मागच्या बाकावर बसून ऐकायचं. उद्या पुन्हा यायचं.